दुसरा हात कुणाचा

शेवऱ्याच्या खाडीवर पूल नव्हता, रस्त्याला डांबर ठाऊक नव्हतं आणि डोंगरावरच्या गडात अजून माणसं राहत होती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी पुढे बसा, मोठ्यांनी मागे टेका. मध्येच कुणी उठू नका, कारण ही गोष्ट अर्धी ऐकली तर पदरात नुसती भीती उरते. पुरी ऐकली तरी थोडी उरतेच.

तर त्या काळी शेवरे गावात झिलू नावाचा एक भंडारी होता. माडावर चढायचा, माडी काढायची, हा त्याचा धंदा. कमरेला कोयती, पायात काथ्याचा फास. असं म्हणतात की त्याच्या कोयतीच्या धारेवर माशी बसली, तर उडताना तिचे पाय मागे राहायचे. असंही म्हणतात की माडाच्या शेंड्यावरून तो समुद्रातलं गलबत शिडावरून ओळखायचा आणि खाली उतरून सांगायचा, की अमक्याचा मुलगा परत आला.

पण झिलू शूर नव्हता, हे नीट ध्यानात ठेवा. माडावर त्याला भीती वाटत नसे, ती जमिनीवर वाटायची. गावात तंटा झाला की तो मागच्या दाराने निघून जायचा. गडाचा शिपाई वाटेत दिसला तर झिलू वाट सोडून कुंपणाला चिकटायचा. त्याची बायको आवडी त्याला हसायची. "उंचावर वाघ नि खाली ससा," म्हणायची.

आणि शिपायाला भिण्यासारखा काळच होता तो. गडाचा एक नियम होता. परका वाटसरू गावाच्या शिवेत जखमी झाला, बुडाला, मेला, तर त्याला ज्याने पहिला हात लावला असेल त्याने गडावर जाऊन जबाब द्यायचा. हेतू काय होता, बोलणं काय झालं, वैर होतं का, सगळं. जबाब पटला नाही, तर झालेलं नुकसान त्याच्या माथी. पूर्वी कधी तरी वाटमारी फार माजली होती, मारणारेच मदतीचं सोंग घ्यायचे, म्हणून हा नियम केला होता म्हणे. वाटमारी संपली, नियम राहिला. लोकांनी त्याची म्हण करून टाकली होती. पहिला हात ज्याचा, जाब त्याचा.

गावातल्या एका तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, एकदा बुडत्या व्यापाऱ्याला होडीत ओढून घेतलं होतं. व्यापारी होडीतच मेला. तांडेलाला सगळा पावसाळा गडाच्या कोठडीत काढावा लागला. सुटून आला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते, आणि पुढे कधी पाण्यात काही तरंगताना दिसलं की तो तोंड फिरवून वल्हं मारायचा. हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

एका अमावास्येच्या सकाळी झिलू खाडीकाठच्या माडावर होता. ओहोटी सरून भरती लागत होती. अमावास्येची भरती म्हणजे उधाण, पाणी नेहमीपेक्षा कितीतरी वर चढतं. झिलूने वरून पाहिलं तर खाडीच्या मधल्या खडकांवरून एक माणूस पलीकडून इकडे येत होता. अंगावर चांगली धोतरजोडी, पाठीला कापडात बांधलेलं काहीतरी मोठं. त्याच्या चालीवरूनच कळत होतं की घाटावरचा माणूस आहे, शेवाळ्याची त्याला ओळख नाही. झिलू ओरडणार तेवढ्यात तो घसरला. सावरायला त्याने उजवा हात खडकाच्या फटीत घातला, आणि वरचा धोंडा सरकून त्या फटीत बसला.

मग त्याची किंकाळी आली.

झिलू माडावरून उतरला. उतरताना त्याच्या मनात एकच होतं, की आपण पोचेपर्यंत दुसरं कुणीतरी गेलेलं असू दे. काठावर आला तर तिथे गाव उभं होतं. खडकाला चिकटलेली कालवं काढायला आलेल्या बायका होत्या, जाळी घेऊन निघालेले पुरुष होते, दाजी खोत होता. सगळे काठावर उभे होते आणि एकाचाही पाय ओला झालेला नव्हता.

दाजी खोत गावचा मुख्य. तो म्हणाला, "झिलू, हात लावू नकोस. मी गडावर माणूस धाडलाय. ते येतील, बघतील."

"ते येईपर्यंत पाणी चढेल."

"पाणी चढवणारे आपण नाही," खोत म्हणाला. "हात लावणारे मात्र आपण ठरू."

खोत वाईट माणूस नव्हता. त्या तांडेलाला सोडवायला गडावर हेलपाटे घालून त्याच्याच वहाणा झिजल्या होत्या.

झिलू उभा राहिला. पाणी खडकांच्या पायथ्याला लागलं. तो माणूस पुन्हा ओरडला. शब्द कळत नव्हते, पण बोलावतोय एवढं कळत होतं. असं म्हणतात की झिलूने तेव्हा आपल्या पायांकडे पाहिलं तर ते पाण्यात होते, आणि आपण कधी चालू लागलो हे त्यालाच कळलं नव्हतं.

खडकाशी पोचल्यावर त्याने पाहिलं. हात मनगटाच्या वरपर्यंत फटीत, आणि वर धोंडा असा बसलेला, जणू कुणी पाचर मारली. झिलूने धोंड्याला खांदा लावला. धोंडा हलला नाही. वाहून आलेला एक वासा घेऊन त्याने तो फटीत घातला, त्यावर आपला सगळा भार टाकला. वासा कुरकुरला, धोंडा तसाच. त्याने काठाकडे वळून हाक मारली, "चार माणसं या. वाशाला चार माणसं लागतील."

कुणी आलं नाही.

बायजा नावाची एक विधवा होती, कालवं काढणारी. तिने एक पाऊल टाकलं. तिच्या दिराने तिचा दंड धरला. म्हणाला, "वहिनी, घरात पोरं आहेत." ती थांबली.

चार माणसं गेली असती तर धोंडा हलला असता, असं म्हणतात. हलला नसता, असंही म्हणतात.

त्या परक्या माणसाने आपलं नाव सांगितलं. अंबाजी गुरव. पखवाजी होता. गडावरच्या देवीच्या उत्सवात वाजवायला निघाला होता, आणि लवकर पोचायचं म्हणून त्याने खडकातली वाट धरली होती. त्याच्या पाठीवरचा पखवाज झिलूने सोडून उंच खडकावर ठेवला. पाणी अंबाजीच्या मांडीला लागलं, मग कमरेला. तो वाकलेला होता, हात अडकल्यामुळे त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. त्याची नजर झिलूच्या कमरेच्या कोयतीवर गेली आणि झिलू काय विचार करतोय ते त्याला कळलं.

"नको," तो म्हणाला.

झिलूने पुन्हा एकदा फटीत बोटं घालून पाहिली.

"नको, बाबा. ऐक माझं. हा हात माझ्या बापाने घडवलाय. पाच वर्षांचा होतो तेव्हापासून. हा गेला तर मी कोण राहतो? मरू दे मला."

"पाणी छातीला आलं," झिलू म्हणाला.

"मरू दे म्हटलं ना तुला."

झिलू पुन्हा वाशाकडे गेला. पुन्हा भार टाकला. वासा मोडला. पाणी अंबाजीच्या गळ्याला लागलं, हनुवटीला लागलं. तो मान वर करून श्वास घेत होता आणि दर श्वासाला मानेने नको म्हणत होता. मग एक लाट आली आणि त्याचं तोंड पाण्याखाली गेलं. ओठ हलत होते, बुडबुडे येत होते.

झिलूने पायातला काथ्याचा फास काढून त्याच्या दंडाला आवळला. मग कोयती काढली.

असं म्हणतात की त्या क्षणी खाडीवरचे सगळे बगळे उडाले आणि काठावरच्या माणसांनी डोळे मिटून घेतले. झिलूला मात्र डोळे मिटता आले नाहीत.

त्याने अंबाजीला खांद्यावर घेतलं आणि गळ्याएवढ्या पाण्यातून काठाला आणलं. लोकांनी त्याला वाट करून दिली. वाट देताना ते इतके मागे सरकले, की झिलूच्या ओल्या धोतराचं पाणीसुद्धा कुणाच्या अंगावर उडालं नाही. मागे उधाण चढलं, उंच खडकावरचा पखवाज त्याने उचलून नेला. पुढे कितीतरी अमावास्यांना खाडीच्या तोंडाशी पखवाज घुमल्याचा आवाज यायचा, असं म्हणतात.

आवडीने दार उघडलं आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा माणूस पाहिला. तिने आधी तेल तापवलं, हळद काढली, जखम बांधली. गडावरून शिपाई येऊन गेले, माणूस जिवंत आहे म्हणून गेले, शुद्धीवर येऊन तो काय म्हणतो ते बघू म्हणाले. सगळं झाल्यावर आवडी चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "जगला तर हा विचारेल, मेला तर गड विचारेल. काय सांगाल तुम्ही?"

"जे झालं ते."

"जे झालं ते कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी."

आवडीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती गावाला झिलूपेक्षा जास्त ओळखत होती.

अंबाजी जगला. आवडीने त्याला भाताची पेज भरवली. तो जेवायचा, पाणी प्यायचा, पण बोलायचा नाही. कधी कधी मांडीवर डाव्या हाताने ठेका धरायचा आणि उजव्याची वेळ आली की थांबायचा. ती थांबलेली जागा घरभर ऐकू यायची. झिलू तेव्हा अंगणात निघून जायचा. घरी कुणी येईनासं झालं. माडी न्यायला येणारी माणसं कुंपणाबाहेरून भांडं पुढे करायची. झिलूच्या घरात जाब आहे, असं लोक म्हणायचे, जसं एखाद्या घरात देवीचा आजार आहे असं म्हणतात.

जखम भरल्यावर एके दिवशी अंबाजी उठला आणि न सांगता गडाची वाट चालू लागला. झिलूने त्याला माडावरून पाहिलं. हाक मारली नाही.

थोड्याच दिवसांत गडाचे कारभारी शेवऱ्याला आले, बरोबर कारकून आणि शिपाई. देवळासमोरच्या पटांगणात न्याय बसला. अंबाजीला विचारलं, त्याने सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक शब्द गाळला नाही.

"तुम्ही याला हात तोडायला सांगितलंत?"

"नाही. मी नको म्हटलं. मरू दे म्हटलं."

कारभारी झिलूकडे वळले. "हे खरं?"

"खरं," झिलू म्हणाला.

"माणूस नको म्हणतोय. स्वतःच्या हाताबद्दल म्हणतोय. मग तू कोण?"

झिलूने अंबाजीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नको म्हणाले तोवर मी नाही तोडला, साहेब. मग तोंड पाण्याखाली गेलं. पाण्याखाली काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही."

कारभारी अंबाजीला म्हणाले, "पाणी तोंडावर गेलं होतं?"

"मला आठवत नाही," अंबाजी म्हणाला. "छातीला होतं तिथवर आठवतं. पुढचं काही आठवत नाही."

"साक्षीला कोण आहे?"

कारभाऱ्यांनी गावाकडे पाहिलं. गावाने जमिनीकडे पाहिलं. पाहिलं म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. पाहिलंत तर गेला का नाहीत? आणि माणूस बुडत असताना सगळं गाव उभं होतं, हे एकदा गडाला कळलं की शिक्षा गावाला. दाजी खोताने आदल्या दिवशी घरोघर हे समजावून सांगितलं होतं. तोच पुढे झाला. म्हणाला, "आम्ही लांब होतो. पाण्यावरचं ऊन डोळ्यांत येत होतं. नीट दिसलं नाही."

बायजाने पदर तोंडावर ओढून घेतला. आवडी एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ज्याच्याकडे बघेल तो मान खाली घाली.

कारभाऱ्यांनी निकाल दिला. "साक्ष नाही. नको म्हटलेला हात तोडला, एवढं दोघांनाही कबूल. हाताला हात."

भंडाऱ्याचा उजवा हात गेला तर तो माडावर चढणार कसा, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. तेव्हा झिलू, जो शिपाई दिसला की कुंपणाला चिकटायचा, तो म्हणाला, "खाडीला विचारा. ती होती तिथं."

म्हणजे दिव्य. साक्ष नसेल तिथे देवाला, पाण्याला, अग्नीला साक्ष विचारायची, हा तेव्हाचा रिवाज होता. कारभाऱ्यांना तो नाकारता येईना. ठरलं असं, की झिलूने त्याच जागी, त्याच फटीशी हात बांधून तसंच वाकून राहायचं. पाणी तोंडावर आलं तर तो खरं बोलला. नाही आलं तर हात द्यायचा.

"अमावास्येला बांधा," झिलू म्हणाला. "तेव्हा अमावास्या होती."

"सत्याला तिथी लागत नाही," कारभारी म्हणाले. "उद्याच."

उद्या अष्टमी होती. खाडीकाठच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं, की अष्टमीला भांगाची भरती. पाणी येतं न येतं, निम्म्यावरून परत फिरतं. त्या खडकाशी अष्टमीला कधी छातीला पाणी लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कारभारी घाटावरचे, आपण काय ठरवलं ते त्यांना कळलं नाही. गावाला कळलं. तरीही कुणी बोललं नाही.

त्या रात्री काय झालं ते मी सांगणार नाही, कारण झिलूच्या घराचं दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला शिपायांनी झिलूला खडकाशी नेलं. उजवा हात काथ्याच्या दोराने धोंड्याशी बांधला, गाठीवर गाठ मारली आणि काठाला परत आले. हुकूम झाला, की कारभारी बोलेपर्यंत कुणी जवळ जायचं नाही. काठावर गाव उभं राहिलं, त्या दिवशी उभं होतं तसंच. एका अंगाला अंबाजी उभा होता. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं.

आवडी वाळूत बसली होती. तिच्या ओठांवर देवाचं नाव होतं, पण ती काय मागत होती ते ऐकून जवळच्या बाया चरकल्या. पाणी येऊ देऊ नको, असं ती मागत होती. हात गेला तर जाऊ दे, माणूस राहू दे, म्हणत होती. आणि तिकडे झिलू पाणी येऊ दे म्हणून समुद्राकडे बघत होता.

ऊन उतरायला लागलं. भरती लागली, पण भांगासारखी, आळसावलेली. झिलूच्या घोट्याला पाणी लागलं, गुडघ्याला लागलं आणि तिथेच थांबल्यासारखं झालं. कारकून जांभई देत होता.

मग, असं म्हणतात, वारा नसताना सुरूची झाडं वाजली. काठावरचे खेकडे बिळांतून निघून वर डोंगराकडे धावले. खाडीच्या तोंडाशी एक पांढरी रेघ दिसली, ती जवळ आली, आणि पाणी चढू लागलं. मांडी, कंबर, छाती. अष्टमीला उधाण आलं. समुद्राने त्या दिवशी आपली तिथी मोडली, असं म्हणतात. असं पूर्वी कधी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही.

लोक नकळत मागे सरले. पाणी झिलूच्या गळ्याला लागलं. त्याने मान वर केली. हनुवटी बुडाली.

"पुरे," कारभारी उठून म्हणाले. "खरं बोलला तो. सोडा त्याला."

पण सोडणार कोण? शिपाई घाटावरचे, पोहणं कुणालाच येत नव्हतं. ते गावाकडे बघू लागले. गाव एकमेकांकडे बघू लागलं. काथ्याची गाठ भिजली की आवळते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती सोडवता सोडवता माणूस हातात मेला तर? आणि कारकून, बिचारा, आपल्या सवयीने बोरू शाईत बुडवून म्हणाला, "जो जाईल त्याने आधी नाव सांगा."

ते ऐकलं आणि ज्यांनी कासोटे खोचायला हात नेले होते, त्यांचे हात तिथेच राहिले. आवडी पाण्याकडे धावली, तिला बायांनी कवटाळून धरलं.

लाट आली. झिलूचं तोंड पाण्याखाली गेलं.

असं म्हणतात की त्या क्षणी अंबाजीचा नसलेला उजवा हात दुखू लागला. इतका, की तो कळवळून खाली बसला. आणि पाण्याखाली आपण काय म्हणालो होतो ते त्याला आठवलं. काय आठवलं, ते त्याने मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. कुणी म्हणतात, 'तोड' म्हणाला होता. कुणी म्हणतात, त्याने नुसती आईला हाक मारली होती. काहीही असो, तो उठला आणि पाण्यात शिरला. घाटावरचा माणूस, पोहता न येणारा, एका हाताचा. खडकांना धरत, बुडत, उठत तो झिलूपर्यंत पोचला आणि डाव्या हाताने त्याची हनुवटी धरून तोंड पाण्यावर काढलं.

झिलूने श्वास घेतला. पण आता गाठ कोण सोडणार? गाठीला हात घालावा तर हनुवटी सुटते, हनुवटी धरावी तर गाठ राहते. पाणी चढतच होतं. अंबाजीने काठाकडे तोंड वळवलं.

"मला एकच हात आहे," तो ओरडला. "दुसरा हात कुणाचा?"

काठावर कुणी हललं नाही. तो पुन्हा ओरडला, आणि या वेळी त्याच्या तोंडात पाणी गेलं.

बायजा निघाली. तिच्या दिराने तिचा दंड धरला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावोजी, त्या दिवशी धरलात तो हात मला रोज दुखतो." त्याने हात सोडला. ती कालवं काढायची कोयती दातांत धरून पाण्यात गेली. तिच्या मागून तिचा दीर गेला. मग तो तांडेल, पांढऱ्या केसांचा, ज्याने पाण्याकडे बघणं सोडलं होतं. मग कोण कोण ते मोजायला कुणी काठावर राहिलंच नाही.

दोर कापून झिलूला वर काढलं, उलटं करून पोटातलं पाणी काढलं, आवडीने त्याचे पाय मांडीवर घेतले. त्याने डोळे उघडले तेव्हा कारकून बोरू घेऊन उभाच होता. कारकुनाला दुसरं काय येतं. त्याने विचारलं, "पहिला हात कुणाचा होता?"

"माझा," बायजा म्हणाली.

"माझा," तांडेल म्हणाला.

"माझा." "माझा होता." असं सगळं गाव म्हणू लागलं, म्हातारे, बाया, आणि जे गुडघ्याएवढ्या पाण्यातच पोचले होते तेही. सगळ्यांत शेवटी दाजी खोत पुढे आला. त्याचं धोतर छातीपर्यंत भिजलं होतं. तो म्हणाला, "माझाही लिहा. आणि मागच्या वेळी ऊन डोळ्यांत येत नव्हतं, हेही लिहा. आम्ही बघत उभे होतो."

कारकुनाने कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी म्हणाले, "इतकी नावं मावायची नाहीत. राहू दे." गडाने नियम काही मोडला नाही. पण शेवऱ्याला तो पुन्हा कुणी लावला नाही.

अंबाजी गावातच राहिला. झिलूला तो एवढंच म्हणाला, "हाताचं दुःख आहे, ते जायचं नाही. तक्रार नाही." दोघे पुढे एकमेकांचे जिवलग झाले असं काही नाही. वाटेत भेटले तर थांबायचे, पावसापाण्याचं बोलायचे. देवळात अंबाजी डाव्या हाताने पखवाजाची धूम, म्हणजे डावी घुमणारी बाजू, वाजवायचा आणि उजव्या बाजूला गावातलं कुणीतरी बसायचं. चुकलं तर तो रागवायचा. फार रागवायचा.

आणि झिलू? लोक त्याला मान देऊ लागले, पण त्याला चैन पडलं नाही. ओहोटीला तो त्या खडकाशी जायचा, नवा वासा घेऊन, आणि धोंडा हलतो का बघायचा. आवडी विचारायची, "आता हलला तरी काय करणार?" तो म्हणायचा, "हलला असता का, एवढं कळू दे." म्हातारपणीही जायचा. एका अमावास्येला गेला तो परत आला नाही. कुणी म्हणतात, पाण्याने नेला. कुणी म्हणतात, सकाळी लोकांनी पाहिलं तर फट रिकामी होती आणि धोंडा हातभर बाजूला सरकलेला होता.

आता खाडीवर पूल झाला आहे. हमरस्ता गावावरून जातो, गाड्या वेगाने येतात, आपटतात. माडावरून माणसं अजून पडतात. कुणाला वाटेत झटका येतो. शेवऱ्याची रीत अशी, की अशा माणसापाशी जो पहिला पोचेल त्याने मोठ्याने हाक द्यायची, "झिलूच्या नावानं, दुसरा हात कुणाचा?" ज्याला ती ऐकू येईल त्याने हातातलं टाकून धावायचं. जखमीला उचलण्याआधी जमलेल्या प्रत्येकाने त्याला हात लावायचा, म्हणजे पुढे जे होईल ते सगळ्यांचं. मागच्या शिमग्यात पुलावर एक टेम्पो उलटला. चालक परराज्यातला, भाषा कुणाला कळेना. त्याला दवाखान्यात नेलं, पण तो वाचला नाही. त्याचे भाऊ आले, रडले, चिडले, याला हलवला कुणी, घाई केली कुणी, म्हणून विचारू लागले. चौकीवर जबाबाला बोलावणं आलं तेव्हा साऱ्या गावाने दुकानं बंद केली आणि बाकं अपुरी पडली म्हणून लोक बाहेर उन्हात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत उभे होते.

भीती गेली असं समजू नका. हाक देणारा आधी आजूबाजूला बघतो, आणि ऐकणाराही उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळतो. पण त्या हाकेला शेवऱ्यात अजून कुणी दाराला कडी लावून बसलेलं नाही, असं म्हणतात.